चार्ज दिला, चार्ज घेतला

दुपारचे पावणेतीन. नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्याचं गेट घ्या. बाहेरून दुसऱ्या पाळीची माणसं येतायत, कोणी स्टेशनवरून चालत, कोणी शेअर रिक्षात अंग चोरून. हातात डब्याची पिशवी, कानात हेडफोन. आत पहिल्या पाळीची माणसं हातपाय धुऊन, बूट बदलून पंचिंग मशीनपाशी रांग लावून उभी. तीन वाजले की अंगठा लावायचा आणि सुटायचं. वॉचमनला हे रोजचंच. पण येणारे अजून लॉकरपाशी आहेत आणि जाणारे गेटपाशी पोचलेत. मग आत जे मशीन चालू आहे, त्याच्यापाशी या घटकेला कोण आहे?

वरच्या केबिनमधल्या साहेबाला कारखाना चालवता येतो का, हे पाहायचं असेल तर ताळेबंदापेक्षा ही दहा मिनिटं जास्त सांगतात.

पाळी बदलताना जाणाऱ्यानं चालू काम येणाऱ्याच्या हाती सोपवायचं, याला ठाणे-बेलापूर पट्ट्यात ‘चार्ज देणं’ आणि ‘चार्ज घेणं’ म्हणतात. येणारा तो रिलिव्हर. एचआरच्या कागदावर हेच ‘शिफ्ट हँडओव्हर’ होतं आणि त्याचा एक फॉर्म निघतो. फॉर्म निघाला की साहेबांना वाटतं, झालं काम. दर वर्षी लोणावळ्याला दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर होतं, डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायचे विश्वासाचे खेळ होतात, परतताना चिक्की घेतली जाते आणि सोमवारी पावणेतीनला गेटपाशी पुन्हा तीच रांग लागते.

रांग का लागते? कामगार आळशी म्हणून नव्हे. गणित साधं आहे. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात अशा तीन पाळ्या लावल्या की कागदावर चोवीस तास भरतात, पण दोन पाळ्या एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. चार्ज नीट द्यायचा तर कोणाला तरी स्वतःच्या खिशातली पंधरा मिनिटं घालावी लागतात. जाणाऱ्यानं थांबावं तर कंपनीची बस तीन दहाला सुटते. ती चुकली की ट्रान्स हार्बरची लोकल, ठाण्याला गाडी बदलून पुढे कळवा किंवा डोंबिवली. घरी पोचायला तासभर उशीर. येणाऱ्यानं लवकर यावं तर त्या पंधरा मिनिटांचे पैसे कोण देणार? अशा वेळी ‘आपलेपणानं काम करा’ असं नोटीस बोर्डावर लावणं म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा.

यावर उपाय आहे आणि त्यात कसलीही प्रेरणा लागत नाही. पाळी साडेआठ तासांची करायची, मधली अर्धा तास जेवणाची सुट्टी धरून. सात ते साडेतीन, तीन ते साडेअकरा, अकरा ते साडेसात. अर्धा तास दोन्ही पाळ्या आत असतात, आणि तो अर्धा तास पगारातला असतो. बस तीन दहाऐवजी पावणेचारला. या एका बदलासाठी बस कंत्राटदाराशी बोलावं लागतं, युनियनशी बोलावं लागतं, कॅन्टीनच्या चहाची वेळ सरकवावी लागते. महिनाभराची किटकिट आहे. भाषण देणं त्यापेक्षा फार सोपं, म्हणून बहुतेक जण भाषण देतात.

वेळ मिळाली म्हणजे चार्ज नीट होतो असंही नाही. साधारण बोलणं असं असतं.

“काय रे, कसं काय?”

“सगळं ओके. बी पंप जरा आवाज करतोय, बघ.”

“बरं.”

वीस सेकंद. दोघंही अनुभवी, दोघांच्याही मनात काही खोट नाही. पण ‘जरा आवाज’ म्हणजे काय? आत खडे खुळखुळल्यासारखा आवाज असेल तर सक्शनकडे, म्हणजे पंप माल ओढतो त्या बाजूला, माल कमी पडतोय, गाळणी चोकअप झाली असेल. ठराविक तालात टकटक होत असेल तर मोटर आणि पंप जोडणारं कपलिंग बघायला हवं. सतत घरघर आणि सोबत गरमपणा असेल तर बेअरिंग. गरमपणाची जुन्या फिटरांची परीक्षा म्हणजे बेअरिंगच्या हाऊसिंगवर तळहात ठेवायचा, तीन-चार सेकंदही धरवला नाही तर ६० अंशांच्या आसपास किंवा वर गेलंय असं समजायचं. टेंपरेचर गन असेल तर उगाच हात भाजून घेऊ नये. आवाज कधीपासून येतोय? सकाळी नऊपासून की अडीचपासून? गाळणी काढून साफ केली होती का? केली असेल आणि तरीही आवाज असेल तर दुसऱ्या पाळीचा माणूस पहिल्यापासून तेच करत बसणार नाही. एका ‘जरा’मध्ये एवढं सगळं दडलेलं असतं.

म्हणून चार्ज केबिनमध्ये बसून देऊ नये, मशीनपाशी उभं राहून द्यावा. आठ-दहा मिनिटांची फेरी पुरते. जाणाऱ्यानं सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. काय चालू आहे आणि कुठल्या टप्प्यावर. काय बंद आहे, आणि मुख्य म्हणजे का बंद आहे. कुठलं काम अर्धवट सोडलंय, कुठला व्हॉल्व्ह एरवी उघडा असतो पण आज बंद केलाय, कुठला अलार्म बायपासवर टाकलाय, म्हणजे तात्पुरता बंद ठेवलाय. आणि शेवटी, नोंद करण्याइतकं काही घडलं नसलं तरी काय खटकलं. हा शेवटचा प्रश्न बहुतेक फॉर्मवर नसतो. वीस वर्षं एकाच प्लान्टवर काढलेल्या माणसाला मीटरच्या आधी वासानं कळतं की आज काहीतरी वेगळं आहे. त्याला ते इंग्रजीत लिहिता येत नाही, म्हणून ते लिहिलंच जात नाही.

घेणाऱ्याचं काम मान डोलावणं नाही. ऐकलेलं त्यानं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. “म्हणजे बी पंपाची गाळणी तू साडेबाराला साफ केलीस, आवाज गेला नाही, मेंटेनन्सला सांगितलंय, आणि ते येईपर्यंत ए चालवायचा.” यात चूक असेल तर तिथल्या तिथे सापडते. पुष्कळांना हे पोरकट वाटतं. रेल्वेला वाटत नाही. फाटकावरचा गेटमन आणि स्टेशन मास्तर फोनवर बोलतात तेव्हा निरोपाबरोबर एक आकडा देतात-घेतात, ‘प्रायव्हेट नंबर’, आणि दोघंही आपापल्या वहीत तो लिहून ठेवतात. निरोप पोचला याचा तो पुरावा. ‘मी सांगितलं होतं’ या वाक्याला रेल्वेत किंमत नाही, आकडा दाखव म्हणतात.

अर्धवट कामाची खबर पोचली नाही तर काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण स्कॉटलंडजवळच्या समुद्रातलं आहे. पायपर अल्फा नावाचा तेल आणि वायू काढणारा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. तिथेही दोन पंप होते, ए आणि बी. दिवसपाळीत ए पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला होता. संध्याकाळपर्यंत काम पुरं झालं नाही, म्हणून त्या जागी आंधळी फ्लँज, म्हणजे पाइपाचं तोंड बंद करणारी चकती, बसवून ठेवली. परमिटचा, म्हणजे त्या कामाच्या परवान्याचा, कागद द्यायला गेलेल्या माणसाला कंट्रोल रूममधला जबाबदार माणूस कामात दिसला, तेव्हा तो कागद ठेवून निघून गेला. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप बंद पडला. रात्रपाळीला ए पंपाचा दुसराच एक कागद माहीत होता, नियमित दुरुस्तीचा, आणि ती तर अजून सुरू झाली नव्हती. म्हणजे पंप ठीक असणार, असं समजून त्यांनी ए सुरू केला. सैल फ्लँजमधून वायू सुटला. त्या रात्री १६७ माणसं गेली.

यात मूर्ख कोणीच नव्हतं. कागद होता, सही होती, पद्धत होती. फक्त दोन माणसं समोरासमोर उभी राहून दोन मिनिटं बोलली नाहीत. ‘साहेब बिझी आहेत, टेबलावर ठेवून जातो’ हे आपण दिवसातून किती वेळा ऐकतो, किती वेळा करतो!

आता लॉगबुक. कुठल्याही प्लान्टचं तासातासाच्या रीडिंगचं पान उघडा. रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत तापमान ६२, ६२, ६२, ६२. शाई एक, हाताचा कल एक, पेनाचा दाब एक. खऱ्या प्लान्टमध्ये तापमान असं सरळ रेषेत चालत नाही. ६१ होतं, ६३ होतं, बाहेर पाऊस झोडपत असेल तर कूलिंग टॉवरचं पाणी गार होऊन आणखी उतरतं. म्हणजे ही रीडिंग सकाळी सव्वासहाला टेबलावर बसून भरलेली आहेत. हे पाहून साहेब ऑपरेटरला मेमो देतो. पण आधीची पानं चाळली तर कुठेतरी एखादा ६७ सापडतो, आणि त्या ६७च्या शेजारी लाल शाईत ‘खुलासा करा’. एकदा ६७ लिहून ज्याला तीन दिवस खुलासे करावे लागले, तो चौथ्या दिवशी ६२च लिहिणार. खोटं लिहायला शिकवणारा हात लाल शाईचा असतो.

वाईट बातमी आली की पहिल्या दहा मिनिटांत काय विचारायचं, एवढी एक गोष्ट वरिष्ठानं घोटून पाठ करावी. किती वाजता दिसलं? आत्ता काय परिस्थिती आहे? तुला माझ्याकडून काय हवंय? बस. ‘कोणी केलं?’ हा प्रश्न गरजेचा आहे, पण तो दुसऱ्या दिवशीचा आहे. तो पहिल्यांदा विचारला की समोरचा माणूस उपाय शोधायचं सोडून वकील शोधायला लागतो.

आणि लॉगबुकात लिहिलेल्याला उत्तर मिळालं पाहिजे. रात्रपाळीच्या माणसानं लिहिलं, ‘बी पंपाचा सील गळतोय, मिनिटाला दहा-बारा थेंब.’ सकाळी त्याच्याखाली कोणीतरी लिहावं, ‘पाहिला. सील मागवलाय, गुरुवारी बदलू, तोपर्यंत खाली ट्रे ठेवा, वीसच्या वर गेला तर बंद करा.’ दोन ओळी. पंधरा दिवस असं चाललं की वहीचा चेहरा बदलतो, नोंदी नेमक्या होतात, थेंब मोजले जातात. याउलट पानाखाली नुसती तिरकी सही येत राहिली की ‘सगळं नॉर्मल’ हे दोन शब्द आठ तास व्यापतात. भाषेचंही तेच. ‘पंप बी अॅबनॉर्मल’ असं मोडकं इंग्रजी लिहून घेण्यापेक्षा मशीनचा नंबर आकड्यात आणि बाकीचं मराठीत किंवा हिंदीत लिहू द्यावं. ऑडिटवाल्याला कळणार नाही ही भीती खरी आहे, पण रिलिव्हरला कळणं आधी.

फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, कामावर तुम्हाला फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं? त्यातून १९५९ मध्ये त्यानं मांडणी केली की पगार, कॅन्टीन, साहेबाची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस वैतागतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो पेटून उठत नाही. पेटतो तो कामातल्या यशानं, कोणी दखल घेतली की, जबाबदारी मिळाली की. वहीतल्या दोन ओळी म्हणजे ती दखल. मात्र ही मांडणी इंजिनिअर-अकाउंटंटांची, हे विसरू नये. ज्या कंत्राटी हेल्परचा पगार सात तारखेऐवजी अठराला होतो आणि ओटीचे (ओव्हरटाइमचे) तास कागदावर निम्मेच चढतात, त्याला दखल-बिखल नंतर. त्याच्याशी आधी हिशेब चोख करावा, मग दोन ओळींचं बोलावं.

रात्रपाळीकडून सकाळचा चार्ज घेणं हा प्रकारच वेगळा. पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीर सगळ्यात सुस्त असतं, कितीही चहा प्यायला तरी. त्यातून निघालेल्या माणसाला सात वाजता तीन पानी फॉर्म भरायला लावला तर तो काहीही भरेल. त्यानं घडेल तसं, वेळेसकट, त्याच क्षणी लिहावं, आणि सकाळी फक्त वाचून दाखवावं. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ला स्फोट होऊन १५ माणसं गेली. तिथे रात्रपाळीनं टॉवरमध्ये किती माल भरलाय याची नोंद वहीत एका त्रोटक ओळीत होती. दिवसपाळीचा सुपरवायझर तासाभरानं उशिरा आला, रात्रपाळीशी त्याची भेटच झाली नाही. तिथले काही ऑपरेटर महिनाभर सलग, रोज बारा तासांची ड्यूटी करत होते, हेही चौकशीत निघालं. आपल्याकडे सलग दोन पाळ्या केल्या की ‘डबल मारली’ असं कौतुकानं सांगतात, त्यांनी हे एकदा वाचावं.

डबल मारावी लागते कारण रिलिव्हर येत नाही. पावसाळ्यात तर कोणाच्याच हातात काही नसतं. २६ जुलै २००५ला जे पाळीवर होते ते दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच होते. पण रिलिव्हर न येण्याची काही कारणं साहेबाच्या टेबलावर तयार होतात. गणपती घ्या. ठाणे आणि नवी मुंबईतली पुष्कळ माणसं कोकणातली, आणि गणपतीला गावी न जाणं हा पर्यायच नाही. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. म्हणजे माणसाला जायचंय की नाही हे दोन महिने आधी ठरलेलं असतं. रजेचा अर्ज मात्र साहेब आठ दिवस आधी बघतात आणि म्हणतात, “बघू, लोड आहे.” तिकीट खिशात असलेला माणूस काय करणार? चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याला ताप येतो. मग त्याच्या पाळीचं मशीन कोण घेणार हे सकाळी साडेसहाला ठरतं, घाईघाईत, ज्याला त्या मशीनचं अर्धंच माहीत आहे त्याच्यावर.

आरक्षण उघडायच्या दहा दिवस आधी रजेचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे. सगळ्यांना एकदम सोडता येत नाही हे सगळ्यांना कळतं. यंदा दीड दिवसवाले, पुढच्या वर्षी गौरीपर्यंतवाले, असं माणसं आपसांत ठरवतात, आणि साहेब ठरवेल त्याहून बरं ठरवतात. जे थांबतात त्यांना दिवाळीत पहिला मान. परत आलेल्याला चार्ज देताना एका पाळीचा देऊन भागत नाही, तो गेल्यापासून काय काय बदललं ते सांगावं लागतं. आठ दिवसांनी आलेला माणूस जुनाच प्लान्ट डोक्यात घेऊन आलेला असतो, आणि अनुभवी असल्यामुळे कोणाला विचारत नाही.

ऐरोलीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत पंप नसतात, पण रात्री तिथेही चार्ज दिला जातो. तिकिटावर, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या तक्रारीच्या नोंदीवर, ‘अंडर ऑब्झर्वेशन’ लिहून माणूस कॅबमध्ये बसतो. कोणी पाहायचं, काय पाहायचं, किती वाजेपर्यंत पाहायचं? तोच ‘जरा आवाज’, एसीमध्ये बसलेला.

मग साहेबानं स्वतः काय करावं? आठवड्यातून दोनदा पाळी बदलताना तिथे जाऊन उभं राहावं. त्यातली एकदा रात्री अकराची असावी, कारण दुपारी तीनला तर कोणीही येतं. उभं राहून बोलू नये, हे महत्त्वाचं आणि अवघड. साहेब बोलायला लागला की दोन ऑपरेटर एकमेकांशी बोलायचे थांबून त्याच्याकडे बघायला लागतात, आणि चार्ज तिथेच मोडतो. पहिले दोन आठवडे सगळे बिचकतील, घोटून घोटून बोलतील. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी विसरून जाईल की साहेब आहेत, आणि म्हणेल, “अरे ते मेंटेनन्सवाले येतो म्हणून सांगतात, येत नाहीत, चार दिवस झाले.” ही ओळ कुठल्याही मासिक अहवालात येत नाही. ती ऐकायलाच तर जायचं होतं. तिथल्या तिथे मेंटेनन्सच्या माणसाला फोन लावून झापू मात्र नये. लावला की चौथ्या आठवड्यात सगळे पुन्हा ‘ओके’ म्हणायला लागतात. शिवाय मेंटेनन्सकडे सीलच शिल्लक नसेल, ते परचेसकडे अडलं असेल, आणि परचेसची फाइल साहेबाच्याच टेबलावर असेल. असं पुष्कळदा असतं.

कारखान्याबाहेर हीच देवघेव आपण किती बेफिकिरीनं करतो! हाऊसिंग सोसायटीची कमिटी बदलते. जुने सेक्रेटरी फायलींचा गठ्ठा देतात, सही घेतात, चहा होतो. लिफ्टचं वार्षिक कंत्राट कधी संपतंय, वरची टाकी शेवटची कधी धुतली, पंपरूमची दुसरी चावी कोणाकडे आहे, बी विंगच्या गच्चीला गेल्या वर्षी वॉटरप्रूफिंग केलं त्याची गॅरंटी किती वर्षांची, हे गठ्ठ्यात कुठेतरी असतं किंवा फक्त जुन्या सेक्रेटरींच्या डोक्यात असतं. तासभर बिल्डिंगमधून एकत्र फिरलं तर सगळं निघतं. पण निवडणुकीत दोघांचं वाजलेलं असतं.

घरात आजोबांच्या गोळ्या. सकाळी सून ऑफिसला निघते, दहाला मावशी येतात, संध्याकाळी मुलगा. ब्लडप्रेशरची गोळी दिली का, हे तिघांनाही वाटतं की दुसऱ्यानं पाहिलं असेल, किंवा तिघांनाही वाटतं की आपणच द्यायचीय. आजोबा विचारलं की “हो” म्हणतात, कारण त्यांना वाद नको असतो. फ्रिजवर एक कागद चिकटवावा. वार आडवे, गोळ्या उभ्या, देणाऱ्यानं चौकोनात वेळ लिहायची. बरोबरची खूण करून चालत नाही, खूण सवयीनं होते. आठ वीस, नऊ पाच अशी वेळ लिहायला घड्याळ बघावं लागतं. मावशींना अक्षरं लिहायला त्रास होत असेल तर आकडे येतातच. आणि आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या डबीतला त्या दिवसाचा कप्पा रिकामा दिसला पाहिजे. सलग सात दिवस आठ वीस, आठ वीस असंच दिसायला लागलं, तर रागवायच्या आधी एकदा डबी उघडून बघावी.